सात नंबरचा खाना

नगर शहर संपून माळ सुरू होतो तिथे कोरडवाहू शेतीचा एक संशोधन फार्म होता आणि त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची एक ओळ. शेवटून दुसरी खोली आमची. माझे वडील, ज्यांना आम्ही आणि फार्मवरचे सगळेच आबा म्हणत, तिथे क्षेत्र सहायक होते. पेरणीपासून मळणीपर्यंत वाफ्यांवर उभं राहायचं आणि कोणत्या वाफ्यात काय झालं ते वरच्यांना सांगायचं, हे त्यांचं काम. सकाळी सगळ्यात आधी ऐकू यायचं ते विहिरीवरचं इंजिन. ते चार-पाचदा खोकून मग एका लयीत लागे, आणि आई त्या खोकण्यावर चहाचं आधण ठेवी. बाजरी दाण्यावर आली की दिवसभर गोफणी आणि पाखरं हाकणाऱ्या बायकांच्या हाळ्या. दुपारी पत्रा तापून कटकट वाजायचा. जेवणात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि आठवड्यातून एकदा हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळे करायला आईला वेळ लागे, म्हणून ते शिजताना घरात कोणी घाई केलेली तिला चालत नसे.

आईची एक सवय इथे सांगायला हवी. ती कोणतंही भांडं वापरण्याआधी पुसत असे. घासून, उन्हात वाळवून, पालथं घालून ठेवलेलं पातेलंसुद्धा हातात घेतलं की आधी पदराने आतून पुसायचं, उजेडाकडे धरायचं आणि मगच त्यात पीठ टाकायचं. मी एकदा म्हटलं, मघाशी मीच धुऊन ठेवलंय. ती म्हणाली, "तू धुतलं ते तुझं झालं. आता मी घेतीय." मला तेव्हा तो माझ्यावरचा अविश्वास वाटला होता.

तिची दुसरी सवय सगळ्याच घरांत असते. शेजारून आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, चार शेंगा, एखादी हिरवी मिरची, पण काहीतरी त्यात असलं पाहिजे. आमच्या शेजारच्या खोलीत साळवे राहायला आले तेव्हा या दोन सवयींमुळे थोडं अवघडलेपण झालं. साळवे राहात्याकडचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर मुलांना शिकवायचंच असं ठरवलं होतं, आणि हे त्यांच्या घरातले पहिले पदवीधर. त्यांच्या पत्नीने वाटीतून खीर आणून दिली. आईने त्यांच्यादेखत आमचं पातेलं घेतलं, पुसलं आणि खीर त्यात ओतून घेतली. मग त्यांची वाटी धुऊन, पुसून, तीत शेंगा घालून परत दिली. त्या बाईंचा चेहरा उतरला. पुढे कधीतरी त्यांनी विचारलंच, तेव्हा आईने सरळ सांगितलं की मी माझ्या सासूच्या हातची वाटीपण पुसते, तुम्ही दोन दिवस बसून बघा. त्यांनी खरंच बघितलं असावं, कारण नंतर त्याच ही गोष्ट हसत सांगत. माझी आई जातपात अजिबात पाळत नव्हती असं मी इथे लिहिणार नाही. पण ते पुसणं त्यातलं नव्हतं.

मी नगरच्या कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन पदवी केली आणि फार्मच्याच कार्यालयात लागले. पदाचं नाव गणक. काम म्हणजे वाफ्यांची वजनं घ्यायची, त्यांच्या बेरजा, वर्ग, सरासऱ्या काढायच्या आणि कोणता वाण खरोखर पुढे आहे आणि कोणता नुसता दिसतोय ते ठरवायला फार्मच्या मुख्य साहेबांना मदत करायची. त्यासाठी हाताने फिरवायचं एक मशीन होतं. लहानशा शिलाई मशीनएवढं, बाजूला दांडी, वर आकड्यांच्या खिडक्या. आम्ही त्याला चक्की म्हणत असू. बेरीज करायला दांडी पुढे, वजाबाकीला मागे. खिडकीत आधीचा आकडा असेल तर पुढची बेरीज त्याच्या डोक्यावर चढते, म्हणून मशीनच्या पाठीवर एक कागद चिकटवलेला होता: 'काम झाल्यावर शून्य करून उठावे.' हा नियम कार्यालयात फार कडक होता. जो शेवटचा बसला त्याने सगळ्या खिडक्या शून्यावर आणायच्या. तसं न करता कोणी जेवायला गेलं तर साहेब त्याला भरल्या ताटावरून बोलावून आणत. त्यामुळे खुर्चीत बसणारा माणूस खिडक्यांकडे न बघता सुरुवात करी. बघायची गरजच नसे. साळवे माझ्याआधी तीन वर्षं त्या चक्कीवर होते आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

आता आबांची बाजरी. एका कोरड्या वर्षी ते कर्जतला आमच्या चुलत्यांच्या रानात गेले होते. सगळं रान करपलेलं आणि मधे काही थोडी ताटं हिरवी, कणसं भरलेली. आबांनी ती कणसं धोतराच्या सोग्यात बांधून आणली. पुढची कित्येक वर्षं ते त्यातलं बी निवडून पेरत राहिले, आधी खोलीमागच्या तुकड्यात, मग साहेबांच्या परवानगीने फार्मच्या कडेला. त्या काळात संकरित बाजरी नवीन आली होती. ती भरायची भरपूर, पण गोसावी रोग पडला की कणसाच्या जागी नुसता पाल्याचा झुपका. आबांच्या बाजरीवर गोसावी कमी पडे. साहेबांनी शेवटी ती बारा वाणांच्या चाचणीत घेतली. चाचणीत कोणाचं नाव नसतं, नंबर असतो. आबांची बाजरी सात नंबर, आणि प्रत्येक नंबरचे चार वाफे. चाचणीत पहिल्या येणाऱ्या वाणाची शिफारस छापली जाणार होती आणि त्याचं बी कर्जत-जामखेडकडच्या शेतकऱ्यांना वाटलं जाणार होतं. आबा याविषयी घरात बोलत नसत. पण मळणीच्या दिवसांत ते चारही सात नंबरच्या वाफ्यांचं खळं स्वतः झाडत, दुसऱ्याला झाडू देत नसत.

त्याच वर्षी साहेबांनी साळव्यांना पुण्याला एका संस्थेत कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला पाठवलं. नगरमध्ये तेव्हा कॉम्प्युटर कोणी पाहिलेला नव्हता. साळवे परत आले ते छापील फॉर्मचे गठ्ठे घेऊन. एका ओळीत एक आज्ञा लिहायची. ते फॉर्म एसटीने पुण्याला जात, तिथे प्रत्येक ओळीचं एक भोकं पाडलेलं कार्ड होई, कार्डांची चळत मशीनला खाऊ घातली जाई आणि काही दिवसांनी रुंद कागदावर उत्तर येई. साळव्यांनी मला समजावून सांगितलं होतं. मशीनच्या आत खाने असतात, मिसळणाच्या डब्यात असतात तसे. प्रत्येक खान्याला आपण नाव द्यायचं. बारा वाणांच्या बारा बेरजा हव्यात तर एकाच नावाचे बारा खाने ओळीने मागून घ्यायचे आणि पहिला, दुसरा, तिसरा म्हणून हाक मारायची. मग एकेका वाफ्याचं वजन वाचायचं आणि सांगायचं: या खान्यात जे आहे त्यात हे वजन मिळव आणि पुन्हा तिथेच ठेव. मला ते फार आवडलं. त्या आज्ञेतले 'जे आहे' हे शब्द तेव्हा मला खटकले नाहीत.

उत्तर आलं तेव्हा साहेबांनी तो लांब कागद टेबलावर पसरला आणि सगळ्यांना बोलावलं. सात नंबरची बेरीज एकवीस किलो नऊशे ग्रॅम. त्याच्या खालोखाल एक संकरित वाण, एकोणीसच्या थोडा वर. साहेब म्हणाले, "आबा, पेढे तुमच्याकडून हवेत, पण आज मी देतो." आबांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा टोपीच्या घडीत ठेवून आईसाठी आणला. संध्याकाळी आईने शेंगोळे केले. आठवड्यातली दुसरी वेळ होती ती. आबा जेवताना एवढंच म्हणाले की कर्जतला आता कळवायला पाहिजे. आईने विचारलं, काय कळवणार? ते म्हणाले, "हेच, की तुमच्या रानातली हाय म्हनून."

चार-पाच दिवस असेच चांगले गेले. मग साहेबांनी शिफारशीचा मजकूर तयार करायला मला तो कागद दिला. कागदावर बेरजा आणि सरासऱ्या होत्या, वाफ्यांची वजनं नव्हती. सात नंबरची सरासरी छापलेली होती पाच किलो चारशे पंचाहत्तर. मी ती उतरवून घेतली आणि थांबले. वाफ्यांची वजनं फॉर्मवर मीच भरली होती. सात नंबरचा सगळ्यात चांगला वाफा चार किलो सहाशेचा होता. चार आकड्यांची सरासरी त्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. मी चक्कीवर बसले. चार सहाशे, चार अडीचशे, चार चारशे, चार तीनशे. सतरा किलो साडेपाचशे. कागदात आणि माझ्यात चार किलो साडेतीनशेचा फरक. बाकी अकरा वाणांच्या बेरजा मी दुपारपर्यंत काढल्या, त्या कागदाशी तंतोतंत जुळल्या. फक्त सात नंबरला कुठूनतरी एक पाचवा वाफा मिळाला होता.

फरक हजाराचा असता तर कोणीही तो कागद बाजूला टाकला असता. चार किलो साडेतीनशे हे अगदी आपल्यातलंच वजन होतं. आज मागे वळून बघताना मला चुकीपेक्षा तिच्या या सभ्यपणाचंच जास्त नवल वाटतं.

मी कागद साळव्यांकडे नेला. त्यांनी आपल्या फॉर्मची नक्कल काढली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले. बोट 'या खान्यात जे आहे' वर आलं आणि तिथेच राहिलं.

"पहिलं वजन मिळवताना खान्यात काय असतं?" मी विचारलं.

"काही नाही. शून्य."

"कोणी केलं शून्य?"

त्यांनी बोट त्याच ओळीवर दाबलं. मग म्हणाले, "आधीच्या माणसाने. काम झाल्यावर करून उठला असेल ना तो."

बोलता बोलताच त्यांना कळलं. त्यांनी नक्कल उलटी ठेवली. प्रशिक्षणात दिलेल्या प्रत्येक उदाहरणात खाने शून्य करण्याची एक ओळ सुरुवातीला असे, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यांना वाटलं होतं की ती नवशिक्यांसाठी असते, जसं आपण मुलांना पाटी पुसून मग लिही असं सांगतो. जिथे माणसं नियमाने वागतात तिथे तिची काय गरज? आणि पुण्याच्या त्या मशीनवर आमच्याआधी कोणीतरी, कसल्यातरी हिशेबाचा एक आकडा, आमच्या सातव्या खान्याच्या जागी सोडून गेलं होतं. त्यात त्या माणसाचंही काही चुकलं नव्हतं. तिथे रिवाज उलटा होता. उठणाऱ्याने काही आवरायचं नसतं, बसणाऱ्याने आपलं आपण पुसून घ्यायचं असतं.

"मी साहेबांना आत्ताच सांगतो," साळवे म्हणाले. मी म्हटलं, उद्या सांगा. बाजरी आबांची आहे, त्यांना हे कार्यालयात कळायला नको.

संध्याकाळी मी घरी सांगितलं. आबा दारात बसून गोफणीची दोरी वळत होते. मी खाने, कार्डं वगैरे थोडक्यात सांगितलं आणि दोन्ही आकडे सांगितले. ते दोरी वळतच राहिले. बोलली ती आई. "म्हंजी त्यानं डबा पुसला न्हाई," ती म्हणाली. एका वाक्यात तिला सगळं समजलं होतं. पण पुढे ती जे म्हणाली त्याची मला अपेक्षा नव्हती. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे की. इतकी वर्षं कणसं निवडली, उन्हातान्हात उभे राहिलात, आता कुठे कोणी पेढा दिला. चार किलोनं काय हुतं? कोन मोजतंय?

आबा म्हणाले, "कर्जतवाले मोजतील. पोतं भरताना."

"गोसावी तर पडत न्हाई ना तुमच्या बाजरीवर?"

"न्हाई पडत. ते छापा म्हनावं. पर बावीस किलो न्हाई ती." मग मला विचारलं, "सतरा साडेपाचशेला कितवा नंबर येतो?"

मी म्हटलं, पाचवा.

त्यांनी मान हलवली. पाचवा नंबर म्हणजे शिफारस नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले की उद्या आधी मी जातो साहेबांकडं. तुम्ही दोघं गेलात तर साळव्यांनी बाजरी पाडली असं होईल, आणि पुण्याला पाठवलं ते वाया गेलं म्हणतील. मी म्हटलं, चूक तर त्यांचीच आहे. आबा म्हणाले, "हाय. ते सांगतील की आपल्या तोंडानं. पर आधी मला जाऊ दे. माझी बाजरी हाय, मी म्हनू शकतो न्हाई म्हनून."

दुसऱ्या दिवशी ते टोपी हातात घेऊन साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिले. मी आणि साळवे दारात. आबा म्हणाले, "साहेब, सात नंबरचा आकडा फिरून काढा. माझी बाजरी एवढी न्हाई."

साहेबांना ती थट्टा वाटली. ते म्हणाले, पोरगी पहिली आली म्हणून मास्तरशी भांडायला आलेला बाप मी पहिल्यांदाच बघतोय. आबा हसले नाहीत. तेव्हा साळवे पुढे झाले आणि त्यांनी सगळं सांगितलं, कोणती ओळ लिहायची राहिली आणि का राहिली तेही. माझी चक्कीवरची बेरीज पुढे ठेवली. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मला वाटतं, त्यांना राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं. आबांवर काढता येईना आणि आबा समोर असताना साळव्यांवरही येईना. ते एवढंच म्हणाले, "शून्य करून उठायचं हे मीच शिकवलं तुम्हाला." मग साळव्यांना म्हणाले, "पुन्हा पाठवा."

फॉर्म पुन्हा गेले, सुरुवातीला बारा खाने शून्य करणाऱ्या ओळी घालून. कागद आला. सात नंबर, सतरा किलो साडेपाचशे, पाचवा. शिफारस संकरित वाणाची झाली. आबांच्या बाजरीबद्दल शेवटच्या पानावर, रोगाला कमी बळी पडते, एवढं एक वाक्य आलं. कर्जतला पत्र लिहायचं राहिलंच होतं, ते राहिलेलंच बरं झालं. चक्कीच्या पाठीवरच्या कागदाखाली साहेबांनी आपल्या हाताने दुसरी ओळ लिहिली: 'बसण्यापूर्वी शून्य आहे का पाहावे.' पहिली ओळ त्यांनी खोडली नाही.

पुढे माझं आयुष्य याच कामात गेलं. आता आम्ही सावेडीत राहतो, माझा मुलगा कॉम्प्युटरवरच काम करतो. तो म्हणतो, आई, आताच्या भाषा खाने आपोआप शून्य करून देतात. मी विचारते, सगळ्या? तो म्हणतो, सगळ्या नाही. काही करतात, काही करत नाहीत, आणि काहींत कुठला खाना आहे त्यावर अवलंबून असतं. माझ्या हातचा प्रोग्रॅम कोणी काढून बघितला तर त्यात सुरुवातीलाच प्रत्येक खान्याचं नाव घेऊन त्यात काय आहे ते लिहिलेलं सापडेल, गरज असो वा नसो. घरातही मी पातेलं आधी पुसते. सुनेला पहिल्या वर्षी ते आवडलं नव्हतं.

त्या प्रसंगानंतर साधारण दीड वर्षाने मलाही पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं गेलं आणि मी ते मशीन पाहिलं. एका थंड खोलीत कपाटांसारखं उभं होतं. खाने अर्थातच दिसत नाहीत. परत आले त्या रात्री आबांनी प्रवासाचं, राहण्याचं, खाण्याचं विचारलं आणि मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "त्यो आकडा कुनाचा हुता, काय कळलं का?"

मी म्हटलं, ते कधीच कळत नाही. दिवसभरात कितीतरी लोकांची कामं होतात तिथे. कोणाच्या पगाराचा असेल, कोणाच्या पुलाच्या मापाचा असेल.

आबा म्हणाले, "कुनाचा का असंना. चार दिस आपल्या घरी ऱ्हाऊन गेला. शेंगोळे झाले त्याच्या पायी."

आई चुलीपाशी होती. मागे वळून न बघता ती म्हणाली, "आन् तुमी त्याला रिकामाच लावून दिला."

आबा त्यावर बराच वेळ हसत होते. सात नंबरवरून मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.